भेव आणि भरवसा

वऱ्हाडी बोलीत भीतीला भेव म्हणतात, आणि या मुलखात भेवाचे प्रकार पिकांइतकेच आहेत. मृग कोरडा गेला की दुबार पेरणीचे भेव. कपाशी बोंडावर आली की बोंडअळीचे, कापूस घरात आला की भाव पडण्याचे. त्याच्या जोडीला बँकेच्या नोटिशीचे, सावकाराच्या तगाद्याचे, आणि सगळ्यांत खोल म्हणजे चारचौघांत मान खाली जाण्याचे. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात तर पायाखाली पाणी असते, पण ते पिकाला देता येत नाही. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांचे जगणे या एका विसंगतीवर उभे आहे. २००६च्या जुलै महिन्यात केंद्र सरकारने विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. त्या सहांपैकी पाच जिल्हे वऱ्हाडाचे, म्हणजे अमरावती विभागाचे होते. सरकारी कागदांत त्या संकटाला कर्जबाजारीपणा आणि नापिकी अशी नावे होती. पण ज्या घरावर ते कोसळते त्या घरात रात्री दोन वाजता जागे असते ते भेवच. याच मुलखातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत रविवारच्या उपासनेला भिऊ नका असे सांगितले जाते. बायबलमध्ये हा निरोप पुन्हापुन्हा येतो, त्यामुळे पाळकांनी तो सांगणे स्वाभाविकच आहे. पण ऐकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा चढलेला असताना या निरोपाचा अर्थ नेमका काय, हे विचारण्याचा त्याला हक्क आहे. अर्थ चुकला तर हाच निरोप त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे होऊन बसतो. आधी कर्जाची भीती होती, आता भीती वाटते म्हणजे आपला विश्वास कच्चा, याची लाजही आली.

माझे म्हणणे असे की ख्रिस्ती विश्वास भीती काढून घेत नाही, आणि तसे वचनही तो देत नाही. भीतीच्या हातात जो कासरा असतो तो मात्र तो काढून घेतो. भिणारा माणूस स्वतःभोवती कुंपण घालत जातो. आधी पैसा आत ओढतो, मग घर, मग स्वतःचे अंग, आणि शेवटी कुंपणाच्या आत तो एकटाच उरतो. देवावरचा भरवसा म्हणजे ते कुंपण उघडण्याची मुभा. माझा सांभाळ दुसऱ्या कोणाकडे आहे असे मनाने धरले, की माझे दोन्ही हात दुसऱ्यासाठी मोकळे होतात. म्हणून एखाद्याचा विश्वास किती खरा हे तो किती शांत दिसतो यावरून ठरवू नये. भीती वाटत असतानाही तो कोणाजवळ गेला, एवढेच पाहावे. शास्त्राचा आधार मला याच बाजूला दिसतो. गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला, समोरचा प्याला टळावा अशी त्याने विनवणी केली आणि जवळ थांबा म्हणून मित्रांची आर्जवे केली. ख्रिस्ती श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेला पुरुष भीतीला अनोळखी नाही, ही गोष्ट उपदेशांत फार लवकर ओलांडली जाते. स्तोत्रसंहितेतही भक्त भीती आणि भरवसा एकाच श्वासात कबूल करतो. एक संपल्यावर दुसरे सुरू होते असे तिथे दिसत नाही. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्य दारे लावून बसले होते, आणि येशू त्या बंद दारांच्या आत आला. आधी धीट व्हा, मग येतो, असे त्याने म्हटले नाही.

ही नुसती वचनांची जुळवाजुळव वाटू नये म्हणून वऱ्हाडातलाच पुरावा घेऊ. परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी, कोठारा येथे कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आहे. आज ते लेप्रसी मिशन चालवते. त्याची सुरुवात कोरकू आदिवासींमध्ये काम करण्यासाठी आलेल्या कुर्कू हिल मिशनच्या काळातली, म्हणजे या रोगावर औषध नव्हते तेव्हाची. आजच्या वाचकाला त्या काळाची कल्पना सहज येणार नाही. नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवला, पण त्याला मारणारे पहिले खरे औषध हाती यायला १९४०चे दशक उजाडावे लागले. मधल्या सत्तर वर्षांत विज्ञानाने लोकांना रोग जंतूमुळे होतो, म्हणजे तो लागू शकतो, एवढे सांगितले होते. तो बरा कसा करायचा हे सांगता येत नव्हते. म्हणजे ज्ञानाने भीती उलट वाढवली होती. १८९८च्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्यांना पकडून कोंडवाड्यासारख्या आश्रमांत ठेवण्याची सोय केली. बहुतेक माणसांच्या शरीरात या रोगाला तोंड देण्याची ताकद मुळातच असते आणि तो सहजासहजी लागत नाही, हे पुढे कळले. कोठाऱ्यात जखमा धुणाऱ्यांना ते माहीत नव्हते. त्यात परदेशी होते तसेच स्थानिक मराठी आणि कोरकू माणसेही होती. आपल्याला हा रोग होऊ शकतो असे समजूनच त्यांनी त्या पट्ट्या बांधल्या. मत्तयाच्या शुभवर्तमानात कुष्ठरोगी येशूपुढे येतो तो प्रसंग नीट पाहावा. येशू हात पुढे करून त्याला शिवतो आणि मग तो शुद्ध होतो. स्पर्श होतो त्या क्षणी तो अजून कुष्ठरोगीच असतो, आणि मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे त्याने छावणीबाहेर राहावे असे असते. आधी बरा हो, मग शिवतो, असा व्यवहार तिथे झाला नाही. कोठाऱ्यात हा क्रम माणसांनी गिरवला, आणि बरे करणे त्यांच्या हातात नसतानाही गिरवला.

यावर एक सरळ उत्तर येईल. भीती शेवटी श्रद्धेने घालवली नाही, औषधाने घालवली. सल्फोनच्या गोळ्या आणि पुढे बहुविध औषधोपचार आले आणि प्रश्न मिटला. औषधाचे ऋण मानलेच पाहिजे, आणि मी ते मनापासून मानतो. पण प्रश्न मिटला हे मात्र खरे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस १९८१मध्ये केली. त्या दिवसापासून कुष्ठरोग पूर्ण बरा होणारा रोग आहे, आणि पुढे औषध रुग्णाला फुकट मिळू लागले. तरीही जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे भारतातल्या विवाहविषयक कायद्यांत घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९पर्यंत टिकून होते. त्या वर्षी संसदेने दुरुस्ती केली तेव्हा ते वगळले गेले. जंतू मारायला औषधाला काही महिने लागतात. भीती कायद्याच्या पुस्तकातून पुसायला संसदेला अडतीस वर्षे लागली, आणि मनातून ती किती पुसली हे कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या बाईला भाड्याची खोली शोधायला लावून पाहावे. माहिती भीतीचे कारण दूर करते. पण भीती कारणापेक्षा जास्त जगते, कारण ती माणसांमधल्या अंतरात राहते, आणि ते अंतर कोणीतरी पहिल्यांदा ओलांडल्याशिवाय कमी होत नाही. अमरावतीला हे वेगळ्या संदर्भात फार पूर्वी समजले आहे. १९२७मध्ये अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी इथे सत्याग्रहाची हाक दिली गेली ती विटाळाच्या भीतीविरुद्ध होती, आणि त्या भीतीला तर जंतूचाही आधार नव्हता.

दुसरा आक्षेप मला जास्त मोलाचा वाटतो. हेच काम ख्रिस्ती नसलेल्यांनीही केले, मग ख्रिस्ती विश्वासाचा वेगळा दावा कशाला? अमरावतीच्या डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६मध्ये तपोवनात जगदंबा कुष्ठनिवास उभा केला, तिथे रोग्यांना कामधंदा आणि त्याबरोबर मान दिला. ते ख्रिस्ती नव्हते. याच जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा आंधळ्या-पांगळ्यांना, कुष्ठरोग्यांना पंक्तीला बसवत, आणि बोकड कापल्याशिवाय देवी कोपते असे भेव बाळगणाऱ्या खेड्यापाड्यांना कीर्तनात उभे करून प्रश्न विचारत. निर्भयपणावर ख्रिस्ती लोकांची मालकी नाही, आणि तशी मालकी सांगणारा माणूस आपल्याच शास्त्रातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट विसरलेला आहे. तपोवन पाहून ख्रिस्ती माणसाने कृतज्ञ व्हावे. त्याच्याशी स्पर्धा करण्यासारखे काही नाही. वेगळेपण असेलच तर ते भीती आणि हार यांच्याकडे पाहण्यात आहे. पुष्कळ परंपरांत निर्भयता ही साधकाने मिळवायची स्थिती असते. गीतेत दैवी गुणांची यादी अभयापासूनच सुरू होते. ख्रिस्ती विश्वासात आधी देव भीतीच्या आत उतरतो. त्यामुळे ज्याला निर्भय होणे जमले नाही त्यालाही या वाटेवर जागा राहते. हा फरक मला फार मोठा वाटतो, कारण बहुतेक माणसे शूर नसतात. हवाईच्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहिलेले फादर डेमियन १८८९मध्ये त्याच रोगाने गेले. देवावर भरवसा ठेवला की काही होत नाही, या समजुतीला त्यांचे मरण हे सर्वांत स्पष्ट उत्तर आहे. होते. तरीही तो भरवसा खोटा ठरत नाही, कारण काही होणार नाही असा करार तिथे कधी झालाच नव्हता.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे आणि तो टोचणारा आहे. गोरे मिशनरी निर्भय होते कारण त्यांच्यामागे साम्राज्य होते. दुष्काळात भुकेल्यांना धान्य आणि धर्म एकाच हाताने दिला गेला, म्हणजे दुसऱ्याच्या भीतीचा फायदा घेतला गेला. यातले काही खरे आहे. १८९९-१९००च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळला तेव्हा अकोला, खामगाव या बाजूंना अलायन्स मिशनने अनाथ मुले आणि मुली सांभाळल्या, आणि त्या मुलांना धर्म निवडण्याइतके वय किंवा मोकळीक होती असे म्हणता येणार नाही. ही गोष्ट मंडळ्यांनी स्वतःहून बोलावी, दुसऱ्याने काढल्यावर नव्हे. पण या आक्षेपात पंडिता रमाबाई बसत नाहीत. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आईवडील गमावले, पाठोपाठ थोरली बहीण गेली; पुराणांची विद्या असलेले ते घर उपासमारीने मोडून पडले. भूक म्हणजे काय हे ज्या बाईच्या हाडात होते, ती १८९६-९७मध्ये दुष्काळ पुन्हा पडल्यावर त्याच्याकडे पाठ फिरवून पुण्यात राहिली असती तर कोणी बोट ठेवले नसते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन परतल्या. अमेरिकेतल्या मित्रमंडळाने शारदा सदनाला कबूल केलेली दहा वर्षांची मदत तेव्हा संपत आली होती. हिशेब पाहिला असता तर तीस मुलीही आणता आल्या नसत्या. केडगावचे मुक्ती मिशन त्या अविचारातून उभे राहिले, आणि अविचार हा शब्द मी आदराने वापरतो आहे. रमाबाईंच्या पाठीशी साम्राज्य नव्हते. सनातनी पुणे त्यांच्यावर रुसले होते, सुधारक दुरावले होते, आणि खुद्द ख्रिस्ती धर्मगुरूंशीही त्यांचे मतभेद होते. अकोल्यात काम केलेल्या जेनी फुलर यांच्या भारतीय स्त्रियांवरील अन्यायाबद्दलच्या १९००मधील पुस्तकाला रमाबाईंची प्रस्तावना आहे, एवढा धागा वऱ्हाडाशीही जुळतो. आपल्याला सर्वांत जास्त दुखावलेल्या गोष्टीकडे त्या स्वतःच्या पायांनी परत गेल्या. नुसता धीटपणा माणसाला नव्या संकटाकडे नेऊ शकतो, पण जुन्या जखमेकडे परत जायला धीटपणापेक्षा वेगळे काहीतरी लागते. त्यालाच मी भरवसा म्हणतो.

शिवाय विश्वासाने भीती कमी होते हे गृहीतही पुरते खरे नाही. पुष्कळदा विश्वास आणखी नवी भीती दारात आणून उभी करतो. कवी नारायण वामन टिळकांना १८९३मध्ये नागपूर-राजनांदगाव भागात रेल्वेच्या प्रवासात एका परक्या प्रवाशाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १० फेब्रुवारी १८९५ला. त्याआधी त्यांच्यासमोर काय उभे होते? पत्नी आणि मुलगा तुटण्याची भीती, आणि ती खरीही ठरली. लक्ष्मीबाई पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त या काळाचे जे वर्णन आहे त्यात दोन्ही बाजूंचे हाल लपवलेले नाहीत, म्हणून ते पुस्तक माझ्या दृष्टीने विश्वासाबद्दलचे मराठीतले सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईच्या मनातली शिवाशिवीची भीती एका प्रार्थनेत गेली नाही. ती टप्प्याटप्प्याने, रडत, भांडत, हसत गेली, आणि शेवटी त्यांनी परक्याची लेकरे पोटाशी धरली. दर टप्प्यावर कोणीतरी माणूस समोर होते, हे ध्यानात घ्यावे. विचाराने भीती सुटली असती तर टिळकांच्या घरात विचारांची काय कमतरता होती?

आता भरवशाच्या नावाने होणाऱ्या गैरवापराकडे वळायला हवे, कारण यात ख्रिस्ती मंडळींचा दोष आहे आणि तो झाकून चालणार नाही. प्रार्थना सभांत रोगी येतात. कोणी सांगते की गोळ्या थांबवा, औषध घेणे म्हणजे देवावर अविश्वास. कोणी सांगते की हा रोग तुमच्या पापामुळे आला. पहिल्याचे उत्तर खुद्द येशूने दिले आहे. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, असे सैतान त्याला म्हणाला तेव्हा त्याने ती उडी नाकारली. देवाची परीक्षा पाहणे आणि देवावर भरवसा ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि इन्सुलिन बंद करायला लावणारा उपदेशक शिखरावरच्या त्या दुसऱ्याची भाषा बोलत असतो. लूक हा शुभवर्तमानकार स्वतः वैद्य म्हणून ओळखला जातो. रोग पापामुळे येतो या दुसऱ्या म्हणण्याचे उत्तर ईयोबाच्या संपूर्ण ग्रंथात आहे, आणि जन्मांध माणसाच्या प्रसंगातही, जिथे पाप कोणाचे या प्रश्नालाच येशू बाजूला सारतो. भीतीचे दुसरे रूप पाहा: मेळघाटात आजारी तान्ह्याच्या पोटावर तापल्या विळ्याचे चटके देण्याची अघोरी प्रथा अजून पुरती गेलेली नाही. ते चटके देणारी आजी क्रूर नसते, ती घाबरलेली असते. दवाखाना दूर आणि झाडफूक करणारा भूमका जवळ असतो. तिला २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा सांगितला पाहिजे आणि रुग्णवाहिकाही मिळाली पाहिजे. पण तिच्या भीतीवर जास्त मोठ्या आवाजाच्या देवाची भीती घालणे म्हणजे एका भूमक्याच्या जागी दुसरा बसवणे. बायबलमध्ये देवाचे भय हा शब्द आहे हे मला माहीत आहे. त्याचा अर्थ आदर आणि धाक असा आहे, आणि तो धाक असा की बाकीचे सगळे धाक त्यापुढे लहान व्हावेत. ज्या धाकाने माणूस आणखी दबतो तो त्या शब्दाचा अर्थ नव्हे. नरकाची चित्रे दाखवून जमवलेली गर्दी ही भीतीचीच गर्दी असते, तिच्यावर कोणत्याही धर्माचे नाव लिहिले तरी.

मग पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येऊ, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे. बायबलमधले हबक्कूकचे पुस्तक जेमतेम तीन अध्यायांचे आहे, आणि वऱ्हाडात त्यावर जितके बोलले जायला हवे तितके बोलले जात नाही. त्याच्या शेवटी संदेष्टा पीकबुडीची यादी देतो. फळझाडे, द्राक्षवेल, जैतून, शेत, मेंढवाडा, गोठा, एकेक करून सगळे रिकामे, एखाद्या तलाठ्याने पंचनामा करावा तसे. त्यात कुठेही तो म्हणत नाही की विश्वास ठेवला तर पीक येईल. पीक गेले असे धरूनच तो देवाकडे पाहतो, आणि त्या आनंदाला शेताचा आधार नाही हे त्याला चांगले माहीत आहे. पण हबक्कूकचा उपयोग कोरडवाहू शेतकऱ्याला गप्प बसवायला करणे पाप होईल. त्याच संदेष्ट्याने पुस्तकाची सुरुवात देवाला जाब विचारून केली आहे: अन्याय दिसतो आणि तू ऐकत नाहीस, असे किती दिवस? सिंचनाचा अनुशेष, पीकविम्याचा घोळ, हमीभावाची खरेदी उशिरा सुरू होणे, हे प्रश्न विचारणे भरवशाच्या विरुद्ध नाही. हबक्कूकच्या पहिल्या अध्यायात त्यांना जागा आहे. आणि ज्यांनी या भेवाखाली जीव दिला त्यांच्याबद्दल विश्वास कमी पडला असे बोलणारा माणूस, मग तो पाळक असला तरी, त्या घरच्या बाईसमोर एकदा बसून यावा. कर्जाचा आकडा अनेकदा असा असतो की चार माणसांनी मिळून पाहिला तर त्यावर काही वाट निघते: बँकेत पुनर्गठन, सावकाराकडे मध्यस्थी, जिल्हा निबंधकाकडे तक्रार. एकट्याने पाहिला तर तोच आकडा भिंतीसारखा होतो. पैशाच्या भीतीत लाज मिसळते तेव्हा माणूस आकडा लपवतो, आणि लपवलेला आकडा रात्रीतून वाढतो.

मंडळीला इथे काय करता येईल हे कोठाऱ्याने दाखवून ठेवले आहे. कोठाऱ्यात कोणी रोग्यांना भिऊ नका असे फक्त सांगितले असते तर तिथे आज काही उभे नसते. तिथे आधी कोणीतरी पट्टी सोडली, वास सोसला, जखम पाहिली. कर्जाची जखम पाहणेही तसेच आहे. त्यासाठी सातबारा, बँकेचे पासबुक आणि सावकाराची चिठ्ठी एका टेबलावर मांडावी लागतात, आणि मांडणाऱ्याला खात्री लागते की समोरचा हसणार नाही, गावात बोलणार नाही. अमरावती आणि अकोल्याच्या मंडळ्यांत निवृत्त शिक्षक आहेत, नर्स आहेत, बँकेत नोकरी केलेली माणसे आहेत. पेरणीच्या आधी, मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी, उपासनेनंतर त्यांनी दहा घरांचे कागद पाहायला बसावे, आणि ज्यांचे कागद पाहायचे त्यांत ख्रिस्ती नसलेली घरेही असावीत.